सावलीतील बागेसाठी बारमाही हिरवे ग्राउंड कव्हर : जागेच्या पाहणीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या आवारात एक पट्टा असा असतो, जिथे दर जूनमध्ये नवी रोपे लागतात आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत पुन्हा उघडी माती दिसू लागते. हा पट्टा बहुधा इमारतीच्या उत्तरेला, कंपाउंड वॉल आणि पार्किंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, किंवा एखाद्या जुन्या विलायती शिरीषाखाली असतो. दोष सावलीला दिला जातो. परंतु सावलीत बारा महिने हिरवी राहून जमीन झाकणाऱ्या बुटक्या झाडांची, म्हणजे ग्राउंड कव्हरची, आपल्या हवामानात वानवा नाही. काम फसते ते क्रम उलटा लागल्यामुळे. आधी नर्सरीतून रोपे येतात, मग त्यांच्यासाठी जागा शोधली जाते, आणि पाणी व मुळे यांचा विचार झाडे मरू लागल्यावर सुरू होतो. या लेखात तोच क्रम सरळ करून दिला आहे, आणि झाडांची निवड त्यात मुद्दामच सहाव्या टप्प्यावर ठेवली आहे.

वेळापत्रक आधी लक्षात घ्यावे. जागेची पाहणी डिसेंबरात आणि मे महिन्यात, तण आणि मातीचे काम एप्रिल-मे महिन्यांत, आणि लागवड ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत, असा क्रम सावलीच्या वाफ्याला सर्वांत चांगला मानवतो. आपल्याकडे पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास सुरू होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. जून-जुलैच्या मुसळधार पावसात सावलीतील माती दिवसेंदिवस सुकत नाही, त्यामुळे नव्या रोपांची कोवळी मुळे कुजतात आणि टाकलेले खत वाहून जाते. ऑगस्टच्या मध्यानंतर पावसाला उघडीप मिळू लागते, माती ओली असते, आणि उन्हाळ्यापूर्वी मुळे धरायला पाच ते सहा महिने मिळतात. पहिल्या पावसाबरोबर लागवड करण्याची सवय उन्हातील बागेसाठी ठीक आहे. सावलीसाठी ती सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा १ : सावलीची नोंद

‘इथे सावली असते’ एवढ्या माहितीवर काहीही ठरवता येत नाही. वाफ्याचा साधा आराखडा कागदावर काढून सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता ऊन कुठवर येते याच्या रेषा त्यावर आखाव्यात. हे काम वर्षातून दोनदा करणे आवश्यक आहे आणि त्याचे कारण आपल्या अक्षांशात आहे. ठाणे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९.२ अंशांवर असल्यामुळे डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, आणि इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ इमारतीच्या उंचीइतकी लांब पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे हिवाळ्यात ज्या उत्तरेकडील पट्ट्याला उन्हाची तिरीपही मिळत नाही, त्याच पट्ट्यावर मार्चनंतर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आणि मेच्या उत्तरार्धात दुपारचे थेट ऊन पडते. जानेवारीत पाहून निवडलेली नाजूक पानांची झाडे मे महिन्यात करपतात ती यामुळेच.

झाडाखालच्या सावलीलाही ऋतू असतात. आंबा आणि फणस यांची सावली वर्षभर दाट राहते. गुलमोहर नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो आणि त्याखालची जमीन सर्वांत कडक उन्हाच्या आठवड्यांत उघडी पडते. विलायती शिरीषाची पाझरती सावली ग्राउंड कव्हरला उत्तम असते, मात्र त्याच्या चिकट शेंगा वाफ्यात पडून राहिल्या की मुंग्या आणि बुरशी वाढते. देशी बदामाची मोठी, चिवट पाने खालच्या बुटक्या झाडांना अक्षरशः झाकून टाकतात. त्याखाली दोन-तीन इंच उंचीचे काहीही लावू नये.

प्रकाशाची तीव्रता जोखण्यासाठी दुपारी बाराच्या सुमारास जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा ठळक दिसल्या तर जागा उजळ सावलीची, आकार ओळखू येतो पण कडा पुसट आहेत अशी असेल तर मध्यम सावलीची, आणि सावली जेमतेम जाणवत असेल तर गडद सावलीची समजावी. एकाच वाफ्यात हे तिन्ही प्रकार सापडू शकतात, म्हणून कसोटी दर पाच-सहा फुटांवर घ्यावी.

तपासा : आराखड्यावर डिसेंबर आणि मे अशा दोन्ही महिन्यांच्या रेषा आहेत का? एकच नोंद हाती असेल, तर दुसरी हाती येईपर्यंत घाऊक खरेदी थांबवावी.

## टप्पा २ : पाणी कुठे साचते आणि कुठे पोहोचतच नाही

सावलीतील वाफ्यात प्रकाशापेक्षाही पाणी निर्णायक ठरते. चार महिने गरजेपेक्षा फार जास्त आणि पुढे कित्येक महिने जवळजवळ काहीच नाही, अशा दोन टोकांत झाडाला जगायचे असते.

निचरा पाहण्यासाठी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा आणि पुन्हा भरून वेळ मोजावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार तासांनंतरही शिल्लक राहिले, तर जमीन जशी आहे तशी लागवडीयोग्य नाही. बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम, सिमेंटचा गाळ आणि विटांचे तुकडे धुमसाने दाबून तयार झालेल्या जमिनीत, म्हणजे नव्या वसाहतींतील बहुतेक आवारांत, हाच निष्कर्ष निघतो. अशा ठिकाणी खाली खणत जाण्यापेक्षा वाफा सहा ते आठ इंच उंच करणे आणि त्याला गटाराकडे उतार देणे अधिक उपयोगी पडते. खड्डा खोल करून त्यात चांगली माती भरली, तर भोवतालच्या कडक जमिनीतले पाणी त्याच खड्ड्यात गोळा होते आणि रोप त्यात उभ्याउभ्या कुजते. वाफ्याच्या मध्ये मोठे झाड असेल, तर त्याच्याभोवती हा उंचवटा करू नये. त्याचे कारण माती भरण्याच्या टप्प्यात दिले आहे.

दुसरे टोक कोरड्या सावलीचे. छज्जा, गॅलरी किंवा जिन्याच्या बाहेर आलेल्या भागाखाली भर जुलैतही माती कोरडीठाक असते. पाऊस पडतो आहे म्हणून पाइप गुंडाळून ठेवला जातो आणि नेमकी ही झाडे पावसाळ्यात तहानेने वाळतात. मुसळधार पाऊस चालू असताना एकदा छत्री घेऊन वाफ्यापाशी जावे आणि माती कुठपर्यंत भिजते ती रेषा चुन्याने किंवा दगड ठेवून नोंदवावी. त्याच फेरीत पागोळ्या कुठे पडतात तेही दिसेल. वरच्या मजल्यांवरून एकाच रेषेत कोसळणाऱ्या पाण्याखाली कोणतेही रोप टिकत नाही. त्या रेषेत नऊ इंच रुंदीचा खडीचा किंवा गोट्यांचा पट्टा टाकावा.

पाण्याचा स्रोतही तपासावा. खाडीलगतच्या भागात बोअरवेलचे पाणी खारट असण्याची शक्यता मोठी असते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरवर आकडा ४५० च्या आत असेल तर बहुतेक झाडांना अडचण येत नाही. तो २००० च्या पुढे असेल तर त्या पाण्यावर नेचे आणि स्पायडर प्लांट लावण्याचा विचार सोडून द्यावा. पानांची टोके तपकिरी होणे आणि मातीवर पांढरा थर धरणे, ही क्षार वाढल्याची लक्षणे आहेत.

सावधान : बाग पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असेल, तर एका चौरस फुटावर एक फूट जाडीची ओली माती सुमारे ५० किलो भरते, हे लक्षात ठेवावे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफा उंच करू नये, पाणी वाहून जाण्याच्या जाळ्या मातीने बुजवू नयेत आणि वॉटरप्रूफिंगच्या जवळ पहार किंवा टिकाव चालवू नये.

## टप्पा ३ : पायवाट आणि मोकळी पट्टी

सावलीतील कोणतेही पानाळ ग्राउंड कव्हर रोजची वर्दळ सहन करत नाही. त्यामुळे लोक आत्ता जिथून चालतात, मुले जिथून आडवी धावतात आणि पाण्याच्या टाकीचे झाकण उघडायला माणूस जिथून जातो, तिथे आधी फरश्या बसवाव्यात. नवी वाट सुचवण्याचा प्रयत्न करू नये. जुनीच वाट पक्की करावी.

इमारतीच्या भिंतीलगत दीड फुटाची पट्टी झाडांविना, खडी टाकून ठेवावी. भिंतीला ओल धरत नाही, उंदरांना भिंतीच्या कडेने आडोशातून फिरता येत नाही आणि पावसाळ्यात एखादा साप आला तर तो वेळीच दिसतो.

## टप्पा ४ : तणाचा बंदोबस्त

ग्राउंड कव्हर एकदा पसरले की तण आपोआप दबते, हे खरे आहे. परंतु ते पसरायला सहा महिने ते दीड वर्ष लागते आणि त्या काळात लव्हाळा व हरळी जिंकतात. लव्हाळ्याचे पान उपटले तर जमिनीतील गाठ तशीच राहते आणि तिला नवे कोंब फुटतात. म्हणून एप्रिलमध्ये वाफ्याला मुद्दाम पाणी द्यावे, तण उगवू द्यावे आणि खुरप्याने गाठीसकट काढावे. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने हे किमान तीनदा करावे. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत. त्या तिथे मरत नाहीत आणि पुढे खताबरोबर साऱ्या बागेत जातात.

झाडाखालच्या वाफ्यात तणनाशक वापरू नये.

तपासा : तिसऱ्या फेरीनंतर पंधरा दिवसांत उगवलेले लव्हाळ्याचे कोंब हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच असावेत. त्याहून जास्त असतील तर चौथी फेरी करावी; लागवडीनंतर हेच काम कितीतरी पटींनी किचकट होते.

## टप्पा ५ : माती

उघड्या जागेतील वाफा आणि झाडाखालचा वाफा यांची माती वेगवेगळ्या रीतीने तयार करावी लागते.

इमारतीच्या सावलीत, जिथे मोठ्या झाडाची मुळे नाहीत, तिथे आठ ते नऊ इंच खणून दगड, प्लास्टरचे तुकडे आणि प्लास्टिक काढून टाकावे आणि दोन इंच जाडीचा चांगल्या कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा थर मातीत मिसळावा. हिशेब सोपा आहे : १०० चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे सुमारे १७ घनफूट, अर्थात एका ब्रासचा सहावा भाग. त्याच क्षेत्राला २ ते ३ किलो निंबोळी पेंड पुरते. कोकोपीट पाणी धरून ठेवते म्हणून सावलीत, विशेषतः जिथे निचरा मंद आहे तिथे, ते मोजकेच वापरावे. विकतची लाल माती घेताना ती मुठीत दाबून पाहावी. नुसता चिकट गोळा होत असेल तर तिच्यात जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळल्याशिवाय ती घालू नये, आणि तिच्याबरोबर लव्हाळा येतो हे गृहीतच धरावे.

मोठ्या झाडाखाली खणणे वर्ज्य आहे. झाडाला अन्न-पाणी पुरवणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या दीड फुटातच असतात आणि कुदळीने वाफा उकरला की ती तुटतात. त्याउलट, वरून फूटभर माती ओतली तर मुळांना हवा मिळत नाही, खोडाच्या बुंध्याशी ओल राहते आणि साल कुजू लागते. एखादे मोठे झाड दोन-तीन वर्षांनी वठते, तेव्हा त्याचा संबंध या मातीशी कोणी जोडत नाही. इथे फक्त दोन इंचांपर्यंत खत-मातीचे मिश्रण पसरावे, बुंध्याभोवती किमान एक फूट वर्तुळ मोकळे ठेवावे आणि लागवड मुळांच्या मधल्या फटींत, खुरप्याने छोटे खड्डे घेऊन करावी. अंगठ्याहून जाड मूळ आडवे आले तर मूळ तोडू नये, रोपाची जागा बदलावी.

सावधान : उजेड वाढवण्यासाठी फांद्या छाटायच्या असतील तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी अर्ज करावा आणि परवानगी हाती आल्यावरच काम सुरू करावे.

सावधान : कच्चे शेणखत कधीही वापरू नये. त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या पसरू लागलेल्या झाडांची मुळे खालून कुरतडतात. वाफ्यातील रोप वर ओढताच सहज हातात येत असेल तर पहिला संशय हुमणीचा घ्यावा.

## टप्पा ६ : झाडांची निवड

आता आराखडा समोर ठेवावा. प्रत्येक तुकड्यावर दोन शब्द लिहिलेले असतील : एक प्रकाशाचा (उजळ, मध्यम, गडद) आणि एक पाण्याचा (ओला, कोरडा). झाड या दोन शब्दांवरून निवडावे, फोटोवरून नव्हे.

सुरुवात काय घेऊ नये यापासून करावी. हेडेरा आयव्ही, विंका मायनर, पॅकिसँड्रा आणि होस्टा ही नावे इंटरनेटवरील याद्यांमध्ये हमखास दिसतात. ती थंड प्रदेशांची झाडे आहेत आणि आपल्या दमट उन्हाळ्यात जमिनीत लावून ती टिकत नाहीत. कॅलॅडियम जुलैत नर्सरीत फार देखणे दिसते, पण त्याचे कंद हिवाळ्यात झोपतात आणि जमीन महिनोन्‌महिने उघडी राहते. भुईचाफ्याचेही तेच. ही झाडे कडेला चार ठिकाणी हौसेने लावावीत, परंतु बारमाही आच्छादन म्हणून त्यांचा हिशेब धरू नये. अल्टरनँथेराला ऊन हवे. सावलीत त्याचा रंग जातो आणि काड्या उरतात.

वेडेलियाबद्दल स्वतंत्रपणे सांगणे गरजेचे आहे. पिवळ्या फुलांचे हे झपाट्याने पसरणारे झाड स्वस्त मिळते आणि माळी ते आवर्जून सुचवतात. जगातील सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक परकीय जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. छाटलेला तुकडा जिथे पडेल तिथे रुजतो. येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या डोंगराकडील बाजूला, खारघरच्या टेकड्यांलगत किंवा कोणत्याही ओढ्याकाठी ते लावू नये. आणि गडद सावलीत ते तसेही विरळ आणि लांबुडके होते, त्यामुळे त्याच्यावाचून आपले काही अडत नाही.

मध्यम सावली आणि नियमित ओलावा असलेल्या जागेसाठी माझी पहिली पसंती हेमिग्राफिसला आहे. जांभळट, खवल्यांसारख्या पानांचे हे झाड पेऱ्यांपाशी मुळे धरत पसरते, पाच-सहा इंचांवर राहते आणि छाटणीला उत्तम दाद देते. सावली गडद होत गेली की त्याचा जांभळा रंग हिरवटाकडे झुकतो, एवढे आधी माहीत असावे. त्याच जागेत नेफ्रोलेपिस जातीचे नेचे आडव्या धावत्या खोडांनी जाळे विणतात आणि उताराची माती धरून ठेवतात. मात्र त्यांना खारट पाणी आणि मे महिन्यातील पाण्याची ओढ सोसत नाही. पानपिंपळीचा विचार फार कमी लोक करतात, याची मला खंत वाटते. तिची हृदयाकृती गडद पाने, जमिनीलगत धावण्याची सवय आणि सावलीची आवड पाहता ती आपल्या आंब्या-फणसाखाली अगदी योग्य आहे. निचरा चांगला आणि उन्हाळ्यात पाणी नियमित, या दोनच अटी ती घालते. ओलसर पण दोन-तीन तास कोवळे ऊन मिळणाऱ्या कडेला कारिवणा लावावा. त्याची माती एकदा जरी पूर्ण सुकली तरी पाने पिवळी पडतात, म्हणून तो नळाच्या जवळच ठेवावा.

गवतासारखा देखावा हवा असेल तर लॉनचा हट्ट सोडून ओफिओपोगॉन किंवा लिरिओपी घ्यावे. आवारात लावले जाणारे नेहमीचे लॉन सावलीत विरळ होत मरतेच. बुटका ओफिओपोगॉन दिसायला सर्वांत नीटस असतो, पण फार सावकाश पसरतो. दाट वाफा हवा असेल तर चार ते सहा इंचांवर लावावा लागतो आणि तरीही वर्षभर थांबण्याची तयारी हवी. लिरिओपी अधिक काटक आहे आणि पाझरत्या सावलीत चांगली भरते. स्पायडर प्लांट जाड मुळांत पाणी साठवत असल्यामुळे थोडी ओढ सहन करतो, पण पाणी साचल्यास पंधरा दिवसांत सडतो. त्याला उंच वाफाच द्यावा.

गडद सावलीत पर्याय कमी होतात. सिंगोनियम आणि मनी प्लांट तिथे जमिनीवर पसरवता येतात. पेऱ्यापाशी तारेचा आकडा करून वेल मातीला टेकवली की मुळे लवकर धरतात. झाडाच्या खोडापासून दोन फूट अंतर ठेवून त्यांना वेळोवेळी कापत राहणे बंधनकारक समजावे, कारण खोडावर चढताच त्यांची पाने मोठी होतात, वेल वर जाते आणि जमिनीवरचे आच्छादन विरळ होते.

गडद आणि कोरडी, म्हणजे छज्जाखालची जागा सर्वांत अवघड. तिथे बुटका सान्सेव्हिएरिया (स्नेक प्लांट) लावावा, मधून मनी प्लांट सोडावा आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा पाणी देण्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे ठरवून टाकावे. उजळ पण कोरड्या कडेला बुटका रिओ किंवा झेब्रिना चालते; झेब्रिना मधोमध उघडी पडते, म्हणून दर जूनमध्ये तिचीच शेंडे-छाट त्या जागी खोचावी.

एका वाफ्यात दोन किंवा फार तर तीन प्रकार असावेत आणि प्रत्येकाला किमान २५ ते ३० चौरस फुटांचा सलग तुकडा मिळावा. दहा प्रकारांची मिसळ केली की वेगाने पसरणारे झाड बाकीच्यांना गिळते आणि पाणी कोणाच्या गरजेनुसार द्यावे हेही कळत नाही.

सावधान : सिंगोनियम, मनी प्लांट आणि डिफेनबाखिया यांची पाने चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते, रिओ आणि झेब्रिनाच्या रसाने त्वचेला खाज सुटू शकते. जिथे लहान मुले खेळतात किंवा पाळीव कुत्री फिरतात, तिथे ओफिओपोगॉन, स्पायडर प्लांट, हेमिग्राफिस आणि नेचे यांतूनच निवड करावी.

## टप्पा ७ : संख्या आणि खरेदी

संख्या अंतरावरून काढावी. सहा इंचांवर लागवड असेल तर १०० चौरस फुटांना ४०० रोपे, नऊ इंचांवर सुमारे १८० आणि एक फुटावर १०० लागतात. हेमिग्राफिस आणि लिरिओपीला नऊ इंच, सिंगोनियम, मनी प्लांट व नेच्यांना एक फूट पुरेसे आहे. पैसे वाचवण्यासाठी अंतर दुप्पट केले तर रोपे चौपट कमी लागतात खरी, पण मधल्या उघड्या जागेत तणाला पूर्ण हंगाम मिळतो. पैसे कमी असतील तर अर्धाच वाफा दाट लावावा आणि पुढच्या वर्षी त्याच्याच छाटांतून उरलेला भरावा.

पिशवी उचलून खालून पाहावी : मुळे पांढरट असावीत, पिशवीच्या आत गोल गोल गुंडाळलेली नसावीत. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण, पिशवीच्या तळाशी गोगलगाईची पिवळसर अंडी आणि मातीत लव्हाळ्याचे कोंब आहेत का ते पाहूनच पैसे द्यावेत. रोपे नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. आणल्यावर ती आठवडाभर वाफ्याशेजारी, पिशवीतच ठेवावीत.

## टप्पा ८ : लागवड

लागवड ढगाळ दिवशी किंवा दुपारी चारनंतर करावी. रोपांना आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे, म्हणजे पिशवी कापताना मातीचा गोळा फुटत नाही. आधी सर्व रोपे पिशवीसकट वाफ्यावर मांडून पाहावीत. ओळी एकाआड एक सरकवून, म्हणजे दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मध्ये येईल अशी मांडणी केली तर जमीन लवकर झाकली जाते. मांडणी मागच्या बाजूने पुढे करत यावे, म्हणजे लावलेल्या भागावर पाय पडत नाही.

लागवडीतील सर्वांत मोठी चूक खोलीची असते. रोप पिशवीत ज्या पातळीवर होते त्याच पातळीवर जमिनीत बसले पाहिजे. स्पायडर प्लांट, लिरिओपी आणि ओफिओपोगॉन यांची पाने जिथून फुटतात तो गड्डा मातीखाली गेला तर तो कुजतो, आणि कुजल्याचे लक्षात येईपर्यंत तीन-चार आठवडे निघून जातात. हेमिग्राफिस, झेब्रिना यांसारख्या पेऱ्यांवर मुळे फुटणाऱ्या झाडांचे एक-दोन पेरे मात्र मातीत गेलेले चांगले. माती हाताने दाबावी, पायाने नव्हे. गुंडाळलेली मुळे आढळली तर बोटांनी हलकेच मोकळी करावीत.

लगेच पाणी द्यावे, झारीने, आणि माती खाली बसल्यावर जी मुळे उघडी पडतील त्यांवर पुन्हा माती टाकावी. सुकलेल्या, चुरलेल्या पानांचा एक इंचाचा पातळ थर रोपांच्या मधल्या जागेत पसरावा. याहून जाड थर पावसाळ्यात गोगलगाईंना निवारा देतो.

तपासा : आठ दिवसांनी कोणतेही दहा रोपे हलकेच वर ओढून पाहावीत. ती किंचित अडत असतील तर मुळे धरू लागली आहेत. सहज वर येत असतील तर पाणी साचते आहे किंवा माती सैल राहिली आहे.

## टप्पा ९ : ऑक्टोबर ते मे

पाऊस संपला की ऑक्टोबरची उष्णता सुरू होते, आणि कोवळी लागवड बहुधा याच तीन-चार आठवड्यांत दगावते; पावसाळा नुकताच संपला म्हणून पाण्याकडे कोणाचे लक्ष नसते. ठरावीक वारांवर पाणी देण्यापेक्षा बोट मातीत दोन इंच खोचून पाहावे आणि आत कोरडे लागले तरच सकाळी भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडले की मुळे वरच राहतात आणि उन्हाळ्यात तापतात. झाडाखालच्या वाफ्याला इमारतीच्या सावलीतील वाफ्यापेक्षा जास्त पाणी लागते, कारण मोठ्या झाडाची मुळे त्यातला मोठा वाटा उचलतात.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी अशी दोनदा अर्ध्या इंचाची गांडूळखताची भर द्यावी. युरिया टाकू नये. सावलीत त्याने पाने लांब, मऊ आणि किडीला बळी पडणारी होतात.

पानगळीच्या दिवसांत वाफ्यावरची पाने दर दोन दिवसांनी हाताने किंवा बांबूच्या पंजाने उचलावीत. खराटा चालवला तर धावत्या वेलींचे शेंडे तुटतात आणि बुटक्या झाडांची नवी मुळे उपटली जातात. ही सूचना सफाई करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष वाफ्यापाशी उभे राहून द्यावी.

मेच्या उत्तरार्धात उत्तरेकडील पट्ट्यावर ऊन येऊ लागले की तेवढ्या भागावर चार-पाच आठवडे ५० टक्क्यांची हिरवी जाळी दोन फूट उंचीवर बांधावी. पहिल्या वर्षानंतर मुळे खोल गेली की बहुधा तिची गरज उरत नाही.

## टप्पा १० : पहिला पूर्ण पावसाळा

पहिला पाऊस पडून माती भिजली की हेमिग्राफिस, सिंगोनियम आणि झेब्रिना यांचे शेंडे एक तृतीयांश छाटावेत. बाजूने फुटवे येतात आणि वाफा दाट होतो. छाटलेल्या शेंड्यांतील निरोगी, तीन-चार पेऱ्यांचे तुकडे सावलीत पिशव्यांमध्ये लावून ठेवावेत आणि ऑगस्टमध्ये मेलेल्या रोपांच्या जागी भरावेत. ओफिओपोगॉन आणि लिरिओपी छाटू नयेत; फक्त पिवळी पाने मुळाशी कापावीत.

आफ्रिकन गोगलगाईंचा उपद्रव जुलैपासून वाढतो आणि एका रात्रीत हातभर पट्टा फस्त होतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याच्या कडेने पसरावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. हातमोज्यांबाबत हयगय करू नये, कारण या गोगलगाई माणसाला बाधणारे परजीवी वाहतात. मीठ वाफ्यात टाकू नये आणि बादलीतले पाणीही तिथे ओतू नये. सलग आठ-दहा दिवस हे केले की संख्या लक्षणीय घटते. शेजारच्या वाफ्यांतही त्याच दिवसांत करून घेतले तर त्या परत लवकर येत नाहीत.

याच महिन्यांत वाफ्याच्या आत शिरून पाणी कुठे थबकते आहे का ते आठवड्यातून एकदा पाहावे, कारण दाट पानांखालचे डबके वरून दिसत नाही आणि त्यात डासांची पैदास होते. फरशीच्या बाजूला, जाळीपाशी आणि खडीच्या पट्ट्यात साचलेला पाला काढून पाण्याची वाट मोकळी करावी. एखाद्या तुकड्यातील झाडे दुसऱ्या पावसाळ्यातही मागे पडत असतील, तर तिथे तेच झाड तिसऱ्यांदा लावू नये. आराखड्यावरचे त्या तुकड्याचे दोन शब्द पुन्हा तपासून, गरज पडल्यास बदलून, त्याप्रमाणे दुसरे झाड निवडावे.